चार शाखा, एकच वर्कस्पेस: पुण्यातल्या एका जिमच्या कारभाराचं प्रकरण

कोथरूड, सिंहगड रोड, हडपसर आणि वाकड. एकाच कुटुंबाच्या चार जिम. पहिली कोथरूडची, ती मालकांनी, म्हणजे आमच्या दादांनी, स्वतः फ्लोअरवर उभं राहून वाढवली, बाकीच्या तीन नंतर एकेक करत आल्या. पैशांचं सगळं त्यांची बहीण बघते, तिला स्टाफ ताई म्हणतो, आणि मी ऑपरेशन्स बघते, म्हणजे शिफ्ट, सुट्ट्या, मशीन, मेंबरच्या तक्रारी आणि जे कुणाच्याच वाट्याला येत नाही ते सगळं. जिमचं नाव देत नाहीये कारण मुद्दा नावाचा नाही, दोन-तीन शाखा असलेल्या ज्या ज्या लोकांशी मी बोललेय त्यांच्याकडे थोड्याफार फरकाने हेच चालू आहे, म्हणून चारही शाखांच्या नोंदी एकाच वर्कस्पेसमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एका सामाईक ऑनलाइन जागेत, कशा आणल्या ते जरा सविस्तर लिहितेय.

एक जिम असते तोपर्यंत मालकाची आठवण हीच सिस्टीम असते आणि ती खरंच चांगली चालते. पुण्यातल्या जुन्या तालमी अशाच चालल्या, वस्तादांना प्रत्येक पोराचं घर, खुराक, जुनं दुखणं सगळं पाठ. दादाही तसेच. कोथरूडला दारात कोण आलं की त्यांना माहीत असायचं याचे किती पैसे राहिलेत आणि याचा उजवा खांदा जपायचाय. पण माणूस एका वेळी एकाच शाखेत असतो. चौथी शाखा झाली तेव्हा दादांच्या डोक्यात असलेल्या गोष्टी विचारायला दिवसभर त्यांना फोन जायचे, आणि ते गाडी चालवत असले की उत्तर "हो हो, देऊन टाक" असं यायचं, ते कुठे लिहिलं जायचं नाही.

आधी कुठे काय होतं ते सांगते. कोथरूडला रजिस्टर आणि एक एक्सेल. सिंहगड रोडला फक्त रजिस्टर, पण इतकं नीटनेटकं की त्याला नावं ठेवायला जागा नाही. हडपसरला एक विकत घेतलेलं जिम सॉफ्टवेअर, ज्यात बिलं व्हायची पण रिपोर्ट काढायचा तर त्यांच्याच माणसाला फोन करावा लागायचा. वाकडला मॅनेजरने स्वतःच्या जीमेलवर बनवलेली गूगल शीट. आणि या सगळ्यावर व्हॉट्सअॅपचे ग्रुप, स्टाफचा, मॅनेजरचा, ट्रेनरचा, शाखेप्रमाणे वेगळे, मेंटेनन्सचा वेगळा. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात तसं. कोणतीही एक गोष्ट शोधायची तर आधी ती कुठे असेल हे आठवायला लागायचं.

वाकडच्या मॅनेजरने नोकरी सोडली तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना धडकी भरली. माणूस सज्जन, काही लपवायचा हेतू नाही, पण शीट त्याच्या पर्सनल अकाउंटवर. पर्सनल जीमेलवरच्या फाईलची मालकी कंपनीच्या वर्कस्पेस अकाउंटला थेट देता येत नाही, कॉपी काढावी लागते, आणि कॉपी काढली की जुनी व्हर्जन हिस्टरी तिच्याबरोबर येत नाही. म्हणजे डेटा मिळाला पण कोणी कधी काय बदललं हे सगळं गेलं. चार दिवसांनी एका मेंबरने "माझी तारीख का बदलली" विचारलं तर सांगायला कुणाकडेच काही नव्हतं.

फ्रीज

सगळ्यात जास्त भांडणं ज्या गोष्टीवरून व्हायची ती म्हणजे फ्रीज. जिमच्या बाहेरच्या लोकांसाठी सांगते, मेंबर आजारी पडला, गावाला गेला, ऑपरेशन झालं तर तेवढे दिवस मेंबरशिप थांबवतात आणि शेवटची तारीख पुढे ढकलतात. ऐकायला साधं आहे. पण यात मेंबरचे पैसे, ट्रेनरचा शब्द आणि रिसेप्शनवरच्या मुलीची अडचण तिन्ही एकत्र येतात.

संध्याकाळी साडेसहाची वेळ, कोथरूडचा फ्रंट डेस्क, मागे झुंबाची बॅच सुरू, एक काकू बायोमेट्रिकला बोट लावतात आणि लाल दिवा लागतो. त्या मूळच्या हडपसरच्या मेंबर, मुलाकडे कोथरूडला राहायला आल्या म्हणून इकडे ट्रान्सफर झालेल्या.

"काकू, तुमची मुदत काल संपलीये."

"अगं कशी संपेल, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तुमच्या हडपसरच्या सरांना सांगितलं होतं मी, ते म्हणाले तुम्ही निवांत राहा, फ्रीज करून ठेवतो."

"इथे तर काही दिसत नाहीये हो."

"मग मी खोटं बोलतेय का?"

काकू खोटं बोलत नव्हत्या. सर पण खोटं बोलले नव्हते, त्यांनी ट्रेनरच्या ग्रुपवर टाकलं होतं, तो मेसेज शे-दीडशे मेसेजखाली गेला. मुलगीही बरोबर होती, तिच्यासमोर जे होतं तेच ती सांगत होती. तीन माणसं बरोबर आणि तरी काकू अपमान झाल्यासारख्या परत गेल्या, दुसऱ्या दिवशी दादांनी स्वतः फोन करून बोलावलं तेव्हा आल्या. मला यात पैशांपेक्षा हे जास्त लागतं की ऑपरेशननंतर हिंमत करून परत व्यायामाला आलेल्या बाईला आपण दारात अडवलं.

म्हणून जेव्हा एक वर्कस्पेस करायचं ठरलं तेव्हा मी आग्रह धरला की सुरुवात सेल्सच्या डॅशबोर्डपासून नाही, फ्रीजपासून करायची. दादांना आधी पटलं नाही, त्यांना चारही शाखांचं आजचं कलेक्शन एका स्क्रीनवर हवं होतं आणि ते मागणं चुकीचं नव्हतंच. पण कलेक्शनचा आकडा रोज रात्री फोनवर तरी मिळतच होता, फ्रीजचा मिळत नव्हता.

कुठलं टूल

याच्यावर फार वेळ घालवला नाही आणि कुणी घालवू नये असं माझं मत आहे. नोशन बघितलं, ट्रेलो बघितलं, दोन्ही चांगली आहेत, ऑफिसात बसून काम करणाऱ्या टीमला कदाचित जास्त सोयीची. आमच्याकडे काम करणारी माणसं उभ्याने काम करतात, हाताला चॉक किंवा घाम, हातात अँड्रॉइड फोन, आणि जीमेल सगळ्यांकडे आधीपासून. गूगल वर्कस्पेस घेतलं. शीट, फॉर्म, कॅलेंडर सगळ्यांनी आधी कुठे ना कुठे वापरलेलं, मेनू मराठीत करता येतो, आणि ट्रेनर लोक जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाईप करतात, त्यामुळे "मला लिहायचा कंटाळा" हे कारण आपोआप गळून पडलं. मुख्य कारण मात्र शेअर्ड ड्राइव्ह. त्यातल्या फाईलची मालकी कुणा एका माणसाकडे नसते, टीमची असते, माणूस गेला तरी फाईल जागेवर राहते. वाकडचा अनुभव घेतल्यावर याच्यापुढे बाकीचे फीचर गौण होते.

बिलिंग आणि बायोमेट्रिक याला हात लावला नाही. बिल हे बिलिंगच्याच सॉफ्टवेअरमध्ये बनणार, चारही शाखांना तेच एक सॉफ्टवेअर केलं, शाखेप्रमाणे बिल नंबरची वेगळी सिरीज, कायद्याने वेगवेगळ्या सिरीज चालतात फक्त नंबर सलग हवा आणि सोळा अक्षरांच्या आत हवा. शीटमध्ये बिलं बनवायचा मोह होतो, तो टाळा.

तारखांचं काम

मेंबरची एक मास्टर यादी करायची म्हणजे चार ठिकाणचा डेटा एकत्र आणायचा, आणि इथे घोडं पेंड खायला लागलं.

पहिला प्रश्न, मेंबरला ओळखायचं कशावरून. सगळे म्हणाले मोबाईल नंबर. पण कोथरूडला नवरा-बायको आणि कॉलेजला जाणारा मुलगा तिघांचा एकच नंबर दिलेली घरं आहेत, आणि नंबर कुठे शून्य लावून, कुठे +९१ लावून, कुठे मध्ये जागा सोडून. मग आयडी द्यायचं ठरलं तर मॅनेजर म्हणाले आयडीत शाखेचं अक्षर टाकू, को, सिं, ह, वा. ते मी करू दिलं नाही, कारण शाखा बदलते, काकूंसारखी माणसं हडपसरहून कोथरूडला येतात, मग ह ने सुरू होणारा आयडी कोथरूडला बघून रिसेप्शनची मुलगी परत म्हणणार हे आमचे नाहीत. आयडी नुसता नंबर, शाखा हा वेगळा कॉलम.

दुसरं, तीन महिन्यांचं पॅकेज म्हणजे किती दिवस? हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. कोथरूड ९० दिवस धरत होतं, हडपसर कॅलेंडरचे तीन महिने. १ जुलैला सुरू झालेलं पॅकेज हडपसरच्या हिशोबाने ३० सप्टेंबरला संपतं, म्हणजे ९२ दिवस, कोथरूडला २८ सप्टेंबरलाच संपतं. दोन दिवस काही मोठी गोष्ट नाही, पण एक या आणि एक त्या शाखेत जाणाऱ्या दोन मैत्रिणी आपापसात बोलल्या की जिमवरचा विश्वास जातो. कॅलेंडर महिने धरायचे ठरले, शीटमध्ये त्यासाठी ईडेट नावाचा फॉर्म्युला आहेच.

तिसरं सगळ्यात त्रासदायक. वाकडच्या शीटची सेटिंग अमेरिकेची होती. शीटमध्ये लोकेल नावाची गोष्ट असते, म्हणजे तारखा कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते, ती अमेरिका असेल तर ०५/०८ लिहिलं की ते ५ ऑगस्ट न धरता ८ मे धरतं, तक्रार करत नाही, लाल होत नाही, शांतपणे चुकीची तारीख ठेवतं. आणि १३/०८ लिहिलं तर तेरावा महिना नसल्यामुळे तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतं. म्हणजे बारा तारखेपर्यंतच्या नोंदी उलट्या आणि तेरापासूनच्या नोंदी फॉर्म्युल्यात मोजल्याच जात नाहीत. बाहेरून बघितलं तर सगळं जागच्या जागी. हे कळलं कसं, तर मजकूर असलेला सेल डावीकडे चिकटतो आणि तारीख उजवीकडे, ताईंना तो कॉलम दातेरी दिसला, त्यांनी विचारलं हे असं का. मग बिलांशी ताडून एकेक तारीख सरळ केली. तुमच्याकडे जुनी शीट असेल तर आधी फाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेल भारत आहे का बघा, बाकी सगळं नंतर.

आता फ्रीज. जुन्या पद्धतीत फ्रीज झाला की मुदतीच्या तारखेवर नवीन तारीख लिहायची, जुनी पुसली जायची. आम्ही मुदतीचा सेल कुणाला हाताने लिहूच देत नाही. फ्रीजची वेगळी यादी आहे, एका फ्रीजची एक ओळ, मेंबर आयडी, कधीपासून, कधीपर्यंत, कारण, कोणी मंजूर केला. मुदत म्हणजे सुरुवातीची तारीख अधिक पॅकेजचे महिने वजा एक दिवस, अधिक त्या आयडीच्या सगळ्या फ्रीजचे दिवस, ती आपोआप निघते. ट्रेनरने मेंबरला शब्द दिला की त्याच जागी उभं राहून फोनवर फॉर्म भरायचा, अर्धं मिनिट लागतं. मंजुरी मॅनेजरची. व्हॉट्सअॅप बंद केलं नाही, करणारही नाही, तिथे बोला, विचारा, फोटो टाका, पण ओळ पडली तरच फ्रीज झाला असं धरायचं. आता मेंबर समोर उभा असताना मुलगी आयडी टाकते आणि तिला दिसतं की २१ दिवसांचा फ्रीज, मंजुरी हडपसर.

एक फायदा अनपेक्षित झाला. फ्रीजची कारणं एकत्र दिसायला लागली. सिंहगड रोडला मार्च-एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा म्हणून आयांचे फ्रीज येतात, बऱ्याच जणी त्यानंतर परत येतच नाहीत. तिथल्या मॅनेजरने सकाळी साडेदहाची, मुलं पेपरला गेल्यावरची, पाऊण तासाची बॅच सुरू केली. ही कल्पना तिची, माझी नाही.

कोणाला काय दिसावं

एक वर्कस्पेस म्हणजे सगळ्यांना सगळं दिसलं पाहिजे असं नाही, उलट. जिममध्ये लोक स्वतःचं वजन, थायरॉईड, डिलिव्हरीनंतरचं पोट, पाठीचा गॅप, हार्टची गोळी असं सगळं लिहून देतात. पार-क्यू नावाचा सात प्रश्नांचा जो फॉर्म जगभर वापरतात तो आम्हीही भरून घेतो, छातीत दुखतं का, चक्कर येते का, डॉक्टरांनी व्यायामाला काही अट घातलीये का वगैरे. तो आधी कोथरूडला काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये गठ्ठ्याने पडलेला असायचा.

इथे दोन तांत्रिक गोष्टी ज्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. शीटमध्ये टॅब किंवा कॉलम लपवता येतो आणि रेंज प्रोटेक्ट करता येते, लोकांना वाटतं झालं, सुरक्षित. तसं नाहीये. प्रोटेक्ट म्हणजे बदलता येणार नाही, दिसतं तर ते दिसतंच, आणि लपवलेला टॅब फाईलची कॉपी काढली की उघडता येतो. दुसरं, इम्पोर्टरेंज नावाच्या फॉर्म्युल्याने एका फाईलमधून दुसरीत डेटा आणला आणि एकदा परवानगी दिली की त्या दुसऱ्या फाईलमध्ये एडिट करू शकणारा कोणीही पहिल्या फाईलचा कुठलाही भाग खेचू शकतो, फक्त तुम्ही दाखवलेला नाही. म्हणून आम्ही गुप्तता कॉलमवर सोडली नाही, फाईलवर नेली. आरोग्याची माहिती वेगळ्या ड्राइव्हवर, ती मॅनेजर आणि त्या शाखेचे ट्रेनर यांनाच. पगार आणि इन्सेंटिव्ह ताईंच्या ड्राइव्हवर, त्याची कुठल्याच फाईलशी जोडणी नाही. फ्रंट डेस्कला मेंबरच्या नावापुढे फक्त "ट्रेनरला विचारा" अशी खूण दिसते, कारण दिसत नाही.

यावरून एका सिनिअर ट्रेनरचं आणि माझं चांगलंच वाजलं. त्यांचं म्हणणं, माझ्या क्लायंटची वही माझी, मी वीस वर्षं फील्डमध्ये आहे, मी का शीटमध्ये टाकू. त्यांची भीती मला समजते. पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगचे, क्लायंट हीच ट्रेनरची कमाई, त्याची माहिती जिमच्या हातात गेली की उद्या मला काढलं तरी जिमचं काही अडत नाही असं त्यांना वाटणारच. पण दुसरी बाजू पण आहे, एक ट्रेनर सोडून गेला, बारा सेशनचं पॅकेज घेतलेल्या बाईंची किती सेशन झाली कुणाला माहीत नाही, आणि त्यांच्या गुडघ्याचं लिगामेंटचं जुनं ऑपरेशन होतं हेही नवीन ट्रेनरला कुणी सांगितलं नाही, पहिल्याच दिवशी त्याने गुडघ्यावर जोर येणारे वॉकिंग लंजेस घेतले. बाईंनी स्वतःच थांबवलं म्हणून निभावलं.

मार्ग असा निघाला. सेशन झालं की ट्रेनर फॉर्म भरतो आणि मेंबरला त्याची मेल जाते, म्हणजे मोजणी दोघांनाही मान्य. ट्रेनरचं इन्सेंटिव्ह त्याच नोंदींवरून निघतं, त्यामुळे महिन्याच्या शेवटी "माझी चार सेशन कापली" ही कटकट संपली, आणि या एका गोष्टीमुळे बाकीचे ट्रेनर स्वतःहून भरायला लागले. दुखापत, ऑपरेशन, औषध एवढं टाकणं सक्तीचं. प्रोग्रॅम कसा लिहिला, काय खायला सांगितलं ही ट्रेनरची स्वतःची वही, ती आम्ही मागत नाही. दुखापतीचं आता सगळ्यात नीट ते सिनिअर सरच लिहितात.

पुणं आणि रोस्टर

शिफ्टचं कॅलेंडर हा भाग पटकन झाला, शाखेला एक कॅलेंडर, स्टुडिओ हॉल त्यात रिसोर्स, म्हणजे बुक करायची जागा, म्हणून टाकला म्हणजे झुंबा आणि योगा एका वेळी बुक होत नाहीत. पण बदली ट्रेनरचा नियम बनवताना कळलं की सॉफ्टवेअरला पुणं माहीत नसतं. कागदावर चार शाखा, कोणीही कुठेही जाईल. संध्याकाळी सहाला वाकडहून हडपसरला बदली ट्रेनर पाठवून बघा, तो पोचेपर्यंत बॅच घरी गेलेली असते. म्हणून कोथरूड आणि सिंहगड रोड ही जोडी, राजाराम पुलावरून ये-जा होते. हडपसर आणि वाकडला बदली माणूस शाखेतलाच तयार ठेवायचा, नाहीतर बॅच रद्द करून दुपारीच मेंबरना कळवायचं.

सुट्ट्याही सारख्या नाहीत. ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पुण्याहून निघून हडपसरला वेगळ्या होतात, एक दिवे घाटाकडे आणि दुसरी सोलापूर रोडने, त्या दिवशी तिथे रस्ते बंद, हडपसर शाखा सकाळी बंदच ठेवावी लागते आणि स्टाफमधले निम्मे वारकऱ्यांच्या सेवेला असतात. अनंत चतुर्दशीला शहराकडच्या शाखांचं एक, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं, तिथलं वेगळं. बऱ्याच भागात गुरुवारी महावितरणची दुरुस्ती असते, लाईट नसली की ट्रेडमिल आणि एसी दोन्ही नाही, तर गुरुवार सकाळ ही फ्री वेट आणि मॅट वर्कची. या सगळ्या गोष्टी प्रत्येक मॅनेजरला माहीत होत्या, पण फक्त आपापल्या शाखेच्या. आता वर्षाच्या सुरुवातीलाच चारही कॅलेंडरवर पडतात.

मशीनचं थोडक्यात. प्रत्येक मशीनला क्यूआरचा स्टिकर, तो स्कॅन केला की मशीन नंबर आधीच भरलेला फॉर्म उघडतो. फोटो टाकायची सोय ठेवली नाही कारण फॉर्ममध्ये फाईल टाकायची तर गूगल साइन-इन लागतं आणि मेंबर तिथेच सोडून देतात. सगळ्यात जास्त तक्रारी कोण टाकतं माहितीये? हडपसरच्या हाउसकीपिंगच्या मावशी. पुसताना त्यांना लॅट पुलडाउन मशीनच्या केबलची सुटलेली तार हाताला लागली, त्यांनी लगेच स्कॅन करून बोलून टाकलं, "तार उसवलीये, कुणाला तरी लागेल." ती केबल त्याच दिवशी बदलली.

२२ सप्टेंबर

हे सगळं खरंच चालतं का याची परीक्षा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झाली. ३ सप्टेंबरला, गणपतीच्या ऐन धामधुमीत, जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत जिम, योगा, सलून या सेवांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के करायचं ठरलं, लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकी घटस्थापना. मेंबर खूश. पण यात एक अट होती, ५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे आपण भाड्यावर, मशीनवर जो जीएसटी भरतो तो आधी वजा व्हायचा, आता तो खर्चात. महिन्याला लाखभर भाडं असेल तर १८ हजार. बाहेरून वाटतं जिमवाल्याला काय, कर कमी झाला, तसं सरळ नाहीये ते.

आमचं वर्षाचं पॅकेज १२,००० अधिक कर, म्हणजे १४,१६० पडायचं. मूळ दर तोच ठेवला तर १२,६००. ताई म्हणाल्या क्रेडिट गेलंय, दर वाढवायलाच लागेल, दादा म्हणाले सणाच्या तोंडावर कर कमी झाला आणि आपण दर वाढवला असं मेंबरला वाटता कामा नये. शेवटी वार्षिकचा मूळ दर १२,४०० केला, मेंबरला १३,०२० पडतात, आधीपेक्षा ११४० कमी, आणि तीन महिन्यांच्या पॅकेजला हातच लावला नाही. निर्णयाचं कारणही त्याच पानावर साध्या मराठीत लिहून ठेवलं, म्हणजे रिसेप्शनला कुणी विचारलं तर चारही ठिकाणी एकच उत्तर जाईल.

पूर्वी दर बदलला की लॅमिनेट केलेली कार्डं बदलायची आणि एखाद्या शाखेत आठवडाभर जुनंच कार्ड चालू राहायचं. आता दरपत्रक एकच, त्यात "कधीपासून लागू" असा कॉलम, २२ च्या सकाळी चारही डेस्कवर नवीन दर होते आणि जुने खाली दिसत होते पण निवडता येत नव्हते. बिलिंगमधला कराचा दर ताईंनी आदल्या रात्री स्वतः बसून बदलला, चारही शाखांचं एकेक टेस्ट बिल काढून मग झोपल्या.

खरं अवघड होतं ते जुन्या मेंबरना समजावणं. "मी जुलैत भरले, फरक परत द्या." बिल आणि पैसे दोन्ही २२ च्या आधीचे असतील तर जुनाच दर, तो कर सरकारकडे गेलेला आहे, हे आमच्या सीएंनी लिहून दिलं ते पान प्रत्येक डेस्कला उघडून ठेवलं. अर्धे पैसे आधी भरलेले आणि बॅलन्स नंतर येणारा, अशा मेंबरची वेगळी यादी फिल्टर लावून दोन मिनिटांत निघाली आणि सीएंकडे गेली. मला विचाराल तर सगळ्या कामातला सगळ्यात समाधानाचा क्षण हा होता. आधीच्या पद्धतीत ही यादी करायला चार मॅनेजर चार दिवस रजिस्टरं उलटत बसले असते आणि तरी कुणीतरी राहिलंच असतं.

अजून काय बसलं नाहीये

सिंहगड रोडची मॅनेजर अजून आधी रजिस्टरला लिहिते आणि मग रात्री शीटमध्ये टाकते. मी अडवत नाही, तिच्या नोंदी सगळ्यात बिनचूक असतात, फक्त दुपारी बाकीच्या शाखांना तिचा सकाळचा फ्रीज दिसत नाही, तर फ्रीजपुरतं तरी लगेच टाकायचं एवढं तिच्याशी ठरलंय. वाकडला ट्रेनर लवकर बदलतात, नवीन माणसाला शिकवायचं काम सतत असतं, त्यासाठी तिथल्याच एका ट्रेनरने फोनच्या स्क्रीनचे छोटे मराठी व्हिडिओ केलेत. आणि पैशांचा मेळ अजून रोज हाताने घालावा लागतो, यूपीआयने आलेल्या पैशांचा १२ आकडी नंबर डेस्कवर टाईप करताना एखादा आकडा चुकतो आणि मग ताई रात्री शोधत बसतात. शाखेप्रमाणे वेगळा क्यूआर केल्यापासून निदान कुठल्या शाखेचे पैसे ते तरी कळतं.

सध्या काम चालू आहे ते सोडून गेलेल्या मेंबरच्या माहितीवर. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिलीये. आमच्याकडे कोथरूडच्या पहिल्या वर्षापासूनचे आरोग्याचे फॉर्म पडून आहेत, त्यातली कित्येक माणसं परत कधी येणार नाहीत. बिलाचे कागद कायद्याने ठेवावे लागतात ते ठेवू, पण कुणाच्या बीपीच्या गोळीचं नाव आपल्याकडे कायम कशाला हवं? दादांना जुने मेंबर परत बोलवायला नंबर हवेत, माझं म्हणणं नंबर ठेवायचा तर त्या माणसाला विचारून ठेवा, आणि आरोग्याचा फॉर्म मेंबरशिप संपल्यावर ठरावीक काळाने काढूनच टाका. तो काळ किती, यावर सीएंशी आणि एका वकिलांशी बोलणं चालू आहे. तोपर्यंत ड्रॉवरमधले गठ्ठे कुलूपबंद कपाटात हलवलेत आणि किल्ली ताईंकडे आहे.